नोकीचा अन्नत्याग

१९ एप्रिल

नोकीने आजही बशीला तोंड लावलं नाही. पुऊरोने लावलं आणि झटक्यात मागे हटला — जणू बशीत निखारा. दोन्ही मांजरं शिंकताहेत, डोळे चिकटलेले. काजळीसारखी काळी नोकी राखेसारखी दिसायला लागली आहे. लापशीच्या रंगाचा पुऊरो तर आधीच फिकट, आता नुसता पाणचट.

पाणीही नको.

आउलिस म्हणाला, "डॉक्टरकडे ने." माझा नवरा तारेच्या भाषेत बोलतो, शब्दाला पैसे पडतात असं. मी म्हटलं, थांबू जरा. जनावरालाही मन असतं, त्याचंही काही म्हणणं असतं.

मे दिनाच्या भाषणाचा आराखडा झाला. विषय : नाही म्हणण्याचा हक्क. पहिलं वाक्य अजून लंगडतंय.

२० एप्रिल

आईकडे गेले होते. वृद्धाश्रमाच्या खिडकीतून तळं दिसतं. बर्फ काळा पडलाय, काठापासून सुटलाय. आईच्या अंगावर तिचा स्वेटर आता दुसऱ्या कुणाचा वाटतो.

मिर्का नर्सने दारातच गाठलं. "हेल्वी, तुझी आई सगळ्यांच्या आधी टेबलाशी येऊन बसते. रुमाल मांडीवर घेते. आणि मग ताट सरकवते. आम्ही काय करायचं?"

"ती काय म्हणते?"

"'नको. पोट भरलंय. उगाच त्रास घेऊ नका.'"

"मग झालं तर! नव्वदी उलटलेली बाई नको म्हणते ना, मग नको. जन्मभर तिला कुणी विचारलं नाही — बापाने नाही, नवऱ्याने नाही, कारखान्याने नाही. आता तिच्या शब्दाला मान द्या. जबरदस्तीने चमचा पुढे केलात तर माझ्याशी गाठ आहे."

मिर्का गप्प बसली. माझ्यापुढे बहुतेक लोक गप्प बसतात. जाताजाता एवढंच म्हणाली, की शेजारच्या पलंगावरची इंपीपण हल्ली पाव बाजूला ठेवते, नुसतं सूप पिते.

दोन म्हाताऱ्या, एक खोली, एकच शब्द — नको! घरी येऊन दोघींना भाषणात घातलं, नावं न घेता. पहिलं वाक्य ताठ उभं राहिलं.

मी उगाच बोलत नाही. कागद कारखाना बंद करायचं ठरलं तेव्हा फाटकासमोर उपोषणाला मीच बसले होते. सूप घेऊन आलेल्या डॉक्टरला मीच परत पाठवलं होतं. तोंड मिटून बसणं हेसुद्धा भाषण असतं.

२१ एप्रिल

दोघांनीही काही खाल्लं नाही. हेरिंग मासा ठेवला, लोणी ठेवलं, साय ठेवली. आउलिस माझ्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. हेही एक भाषणच.

२२ एप्रिल

नोकी पाण्याच्या भांड्यापाशी बसून आहे. सकाळपासून. हनुवटी काठावर टेकलेली. पीत नाही. उठतही नाही.

ज्याला नको आहे तो भांड्यापाशी कशाला बसेल? मी फाटकाशी बसले होते तेव्हा सूप दिसलं की पाठ फिरवायची. वासाकडेसुद्धा.

उद्या तुइयाकडे.

२३ एप्रिल

तुइया शाळेत माझ्यामागे बसायची आणि पेन्सिलीने टोचायची. गावची जनावरांची डॉक्टर झाली, पण खोड गेली नाही.

"खात नाहीये हे कळल्यापासून तू काय केलंस?"

"तिच्या इच्छेचा मान राखला."

तिने चष्म्यावरून बघितलं. "हेल्वी, ही मांजर आहे. तुमची कामगार संघटना नाही. तोंडात बघितलंस का तिच्या?"

नव्हतं बघितलं. तुइयाने अंगठ्याने जबडा उघडला. जिभेच्या कडेला फोड — लाल, फुटलेले. टाळूलाही. पुऊरोच्या तोंडात तसेच, जरा कमी. नाक चोंदलेलं, त्यामुळे वास नाही; आणि वास नाही तर पुढ्यात अन्न आहे हे कळणार कसं? कळलंच, तर घासाबरोबर आग.

"भूक मेलेली नाही तिची," तुइया म्हणाली. "भुकेने कळवळतेय. आणखी थोडा मान राखला असतास तर यकृत गेलं असतं. मग पुरायला फावडं आणावं लागलं असतं."

दुखणं कमी करायचं औषध दिलं, आणि बिनसुईची पिचकारी. मासे शिजवून, गाळून, पातळ करून गालाच्या कडेने थेंब थेंब सोडायचं. गिळलं की पुढचा थेंब.

"म्हणजे जबरदस्तीने."

"म्हणजे भरवायचं. तुझ्या आईने तुला भरवलं तसं. तू काय जन्मतः सभेत जेवायला लागलीस?"

२४ एप्रिल

आउलिसने नोकीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं. मी पिचकारी घेतली. पहिला थेंब माझ्या बाहीवर, दुसरा आउलिसच्या मिशीत, तिसरा आत गेला. चौथ्याला तिने माझा अंगठा फोडला.

"कॉम्रेड," आउलिस म्हणाला, "विरोधी पक्ष चावतो."

इतकी हसले की पिचकारी हातातून पडली. नोकीने मात्र गिळलं. गळ्याची हालचाल बोटाला लागली — एवढीशी. सभागृह उठून टाळ्या वाजवतं तेव्हाही मला असं कधी झालं नव्हतं.

२५ एप्रिल

पुऊरो स्वतः पाणी प्याला! नोकी नाही. पिचकारी चालू.

२७ एप्रिल, शनिवार

सॉना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवला. आम्ही दोघं आधी आटपलो. मग दार उघडं टाकून आउलिसने तो निववला, दगडांवर अगदी पेलाभर पाणी शिंपडलं, आणि मऊ वाफेत मांजरांना आणलं. तुइयानेच सांगितलं होतं — वाफेने नाक सुटेल, पण भट्टी करू नका, तुम्हा दोघांचा भरवसा नाही.

खालच्या फळीवर बसलो — दोन म्हातारी माणसं टॉवेल गुंडाळून, दोन मांजरं टॉवेल गुंडाळून. बाहेर तळ्यावर बर्फ तडकल्याचा आवाज आला.

नोकी शिंकली. एकदा, मग ओळीने. नाकातून सगळं बाहेर आलं, आउलिसच्या गुडघ्यावर. तिने मान वर केली. बाहेरच्या खोलीत आमच्यासाठी तळलेले बोटाएवढे मासे ठेवले होते. नाकपुड्या हलल्या. अंगावरचा टॉवेल ओढत ती निघाली — राणी निघावी तशी!

काटे काढून, कुस्करून दिले. खाल्ले. डोकं वाकडं करून, दुखऱ्या बाजूला न लावता, पण स्वतः खाल्ले.

आमच्या ताटात बटाटे उरले. इतके चांगले बटाटे कधी खाल्ले नव्हते.

२९ एप्रिल

दोघं खातात. नोकी बशी चाटून जमिनीवर सरकवत नेते, थेट चुलीखालपर्यंत. घरभर माशांचा वास. खिडकी उघडायचं मन होत नाही.

३० एप्रिल

बाटल्यांतले मनुके वर तरंगले, म्हणजे उद्याच्या मे दिनाचं आंबवलेलं लिंबाचं पेय तयार. आउलिस डोनट तळतोय.

मी मांजरांपुढे भाषणाची तालीम केली. तो एक ग्रीक वक्ता तोंडात खडे धरून समुद्राला भाषणं ऐकवायचा म्हणतात. माझा समुद्र बशी चाटत होता. "दोन म्हाताऱ्या, एक खोली" या परिच्छेदाला आवाज चढला, बरोबर जिथे चढायला हवा तिथे.

आउलिस दारात उभा, हाताला पीठ. "चांगलं आहे."

"पण?"

तो तळायला परत गेला. बऱ्याच वेळाने आतून म्हणाला, "म्हातारीच्या तोंडात बघितलंय का कुणी?"

बघितलं नव्हतंच. सगळ्यांच्या आधी येऊन टेबलाशी बसते, मिर्का म्हणाली होती. रुमाल मांडीवर घेते.

१ मे

मिरवणुकीच्या आधी टॉर्च घेऊन गेले. "आई, आ कर." "नको गं, त्रास कशाला." "आ कर." हिरड्यांवर फोड, हुबेहूब नोकीसारखे. कवळी काढायला लावली तेव्हा आईने सांगितलं : ही माझी नव्हे, इंपीची. आईची इंपीच्या तोंडात. धुताना बदलल्या असणार. दोघींना पहिल्याच घासाला कळलं होतं. "इंपीला कशाला अवघडवायचं," आई म्हणाली. "मीपण तेच म्हटलं," इंपी म्हणाली.

भाषण पर्समध्येच आहे. दोघी बिनकवळीच्या, कॉफीत डोनट बुडवून खाताहेत. आईने दुसरा मागितला.