महाधमनीतला पडदा

गुरुवार, संध्याकाळ

काल दुपारी पालेगावला टेम्पोने उडवलेल्या शिंदेकाकांना आमच्या कॅज्युअल्टीत आणलं. बीपी ठीक होतं, पण पोटात आणि पाठीत सारखी कळ. मी सोनोग्राफी केली, तर महाधमनीत आतल्या अस्तराचा फाटलेला पडदा फडफडताना दिसला. आमचे वरिष्ठ सर म्हणाले, "सोनोग्राफीवर एवढं ठरवायचं नसतं. सकाळी बघू."

मला भास झाला? छे! पडदा फडफडतच होता.

"सर, महाधमनी कधीही फुटेल. सीटी आत्ताच हवा. इथे मशीन नाही, माझ्या सहीवर मुंबईला पाठवते."

मीच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसले. सीटीत तेच निघालं. लगेच ऑपरेशन झालं, काका वाचले.

आत्ता सरांचा फोन. "तुक्का लागला तुझा."

"तुक्का नाही, सर. दिसलं होतं."

पुन्हा दिसलं, तर पुन्हा भांडेन.