पिंपाला मारलेली मिठी

डार्मश्टाट,
६ मार्च २००५

आदरणीय अरुणाताईस,

रामदासचा सविनय जयभीम. भाऊजींचा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझे व्यसनमुक्ती मंडळ या तिघांची प्रकृती उत्तम असावी. (तिसऱ्याची नाजूक झाली असल्यास कारण मी आहे, याची कल्पना आहे.) येथे धम्मदीपा आणि लेक खुशाल. तुझे पत्र पोचले. आत एकच ओळ : "तुझी प्रकृती कशी आहे ते अनुपने पाठवलेल्या फोटोवरून कळले." मुख्याध्यापिका म्हणून तू निवृत्त झालीस हे नागपूरच्या मुलांचे भाग्य. त्या फोटोत मी बियरच्या पिंपाला मिठी मारून, डोळे मिटून उभा आहे, हे खरे. बाकीचे खाली लिहितो; भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव.

मूळ कारण तुझी भाची क्षमा. मराठीत विचारले की ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि त्यावरून रागावले की 'गेनाऊ' म्हणून माझ्याशी पूर्ण सहमत होते. म्हणून इथल्या मराठी मुलांची रविवारची शाळा आमच्या घरी सुरू केली. दुसऱ्याच रविवारी खालचे शेजारी वर आले. रविवारी इथे रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, बाटल्या टाकायच्या नाहीत. एका सुरात बाराखडी म्हणू नये असे नियमात नाही, पण ते नियम करणाऱ्यांनी बाराखडी ऐकलेली नव्हती म्हणून. नगरपालिकेचे सभागृह मागायला गेलो, तर रीतसर नोंदलेले मंडळ हवे आणि त्याला सात सभासद. सात मराठी माणसे जमली की मंडळे दोन होतात, हे मी तिथल्या कारकून बाईंना कसे सांगणार? शाळा बंद पडायची वेळ आली. आणि ताई, आपल्या घरात काहीही बंद पडलेले चालते, शाळा नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला फ्राऊ लोट्झ या बाईंची छोटीशी क्नाइपे आहे. (म्हणजे पब. गुत्ता म्हणू नकोस. आपल्या वाचनालयात नसेल इतकी शिस्त तिथे असते.) कुठल्या कंपनीची मालकी नाही, बियर पलीकडच्या गावातली, लाकडी पिंपातून नळाने थेट ग्लासात. पंप नाही, निव्वळ गुरुत्वाकर्षण. (मी दिवसभर उपग्रहांना कक्षेत ठेवतो, गुरुत्वाकर्षणाचा इतका लोकप्रिय उपयोग आमच्यापैकी कोणाला सुचलेला नाही.) मागे एक खोली आहे, रविवारी रिकामी. बाई म्हणाल्या, खोली फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांना. आणि नेहमीचा कोण हे मी ठरवत नाही, नेहमीच्यांचे टेबल ठरवते.

तेव्हा नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी निश्चय करून गेलो. खच्चून भरलेल्या जागेत एकच मोठे टेबल रिकामे, त्यावर पितळी पाटी. पहिली रांग रिकामी असली म्हणजे अध्यक्ष यायचे आहेत, हे जन्मभर पाहूनही मी तिथेच बसलो आणि सोडा घातलेला सफरचंदाचा रस मागवला. ते नेमके नेहमीच्यांचे टेबल होते. इथली रीत अशी, की त्या टेबलावरचा माणूस आला की हात मिळवत हिंडत नाही. बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोकतो, तोच सगळ्यांना नमस्कार. मला काय ठाऊक? मला ठाऊक आपले राजाभाऊ सर, ज्यांनी टेबलावर पट्टी ठोकली की संस्कृतचा अख्खा वर्ग उभा राही. पहिले आजोबा आले, ठक्ठक्. मी ताडकन उभा. दुसरे आले, मी पुन्हा उभा, हाताची घडी. तिसऱ्याच्या वेळी ते दोघेही संकोचून माझ्याबरोबर उठले. शेवटी आले हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रुक, लॅटिनचे निवृत्त मास्तर. त्यांनी ठोकले आणि अख्खे टेबल उभे! ते म्हणाले, "आल्झो! उभी नोकरी ठोकण्यात गेली. पण वर्गात कधी कोणी उठले नाही ते नाहीच." मी त्यांना राजाभाऊ सरांविषयी सांगितले. "बसा," ते म्हणाले. आम्ही बसलो.

पण रस पिणारा माणूस नेहमीचा होऊ शकत नाही, यावर हेर ब्रुकच ठाम. मी म्हटले, माझ्या पाचव्या शीलाला बियरचे वावडे आहे, गुरुवारचे नाही. आणि मग सबंध हिवाळा, बर्फ असो की पडसे, त्या टेबलावर रस पीत बसलो. (धम्मदीपा म्हणते, पीएच.डी.लाही मी इतका चिकटलो नव्हतो.) फेब्रुवारीत एका गुरुवारी वरचे पिंप संपले, नवे तळघरात. जिना उभा, पायऱ्या ओल्या, आणि अख्ख्या क्नाइपेत सरळ रेषेत चालू शकणारा इसम एकच. ते पिंप मी छातीशी धरून वर आणले. व्यसनमुक्तीचे इतके जड प्रात्यक्षिक तुझ्या मंडळाने कधी दिले आहे काय? वर पोचताच दम लागून मी पिंपावर डोके टेकले, आणि आखनहून सुट्टीला आलेल्या तुझ्या चिरंजीवांनी, म्हणजे अनुपने, तेवढाच क्षण टिपला. पुढे हेर ब्रुक यांनी टेबलावर ठोकले, सगळे उठले, आणि मी नेहमीचा झालो, हे त्याने टिपले नाही. खोली मिळाली. तो फोटो पुन्हा बघ, ताई. ती मिठी पिंपाला नाही, शाळेला आहे.

भाऊजींना जयभीम. उत्तरात या वेळी दोन ओळी असाव्यात, ही विनंती.

तुझा धाकटा आणि अजून कोरडा,
रामदास

ता. क. : मे महिन्यात तू येतेच आहेस. त्या खोलीतल्या शाळेचे उद्घाटन तुझ्या हस्ते ठरवले आहे. निमंत्रणे गेली.

ता. क. २ : त्या क्नाइपेची जुनी रीत अशी, की खोलीत काहीही सुरू करायचे तर प्रमुख पाहुण्याने लाकडी हातोड्याने पिंपाला नळ ठोकायचा. फीत कापण्यासारखेच. तुझ्या वतीने होकार दिला आहे. पांढरी साडी नको, ठोकताना आतले फार उडते.

ता. क. ३ : पिंपात सफरचंदाचा रस भरायला फ्राऊ लोट्झ कबूल झाल्या आहेत. पण फोटोत दोन्ही सारखेच दिसते, आणि अनुप कॅमेरा घेऊन येणार आहे. तेव्हा मंडळाला आजच सांगून ठेव. लोकांना हल्ली प्रकृती फोटोवरूनच कळते.