पहिली बरी की दुसरी

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या वहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याला घाबरत नाही हे कळलं, जिवाला बरं वाटलं. भावोजींचा खोकला गेला असेल आणि कानाचं यंत्र त्यांना मानवलं असेल अशी आशा आहे. (मानवलं असल्यास हे पत्र मनातल्या मनात वाचा. तुम्हाला पत्र मोठ्याने वाचायची सवय आहे आणि भावोजींच्या पोटात काही राहत नाही.) फोनवर हे बोलता आलं नसतं. मी फोनवर बोलू लागले की तुमचे भाऊ पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतात आणि पान उलटत नाहीत.

चष्म्याचं दुकान उत्तम चाललंय. दिवसभर हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘पहिलं बरं की दुसरं?’ असं विचारतात आणि गिऱ्हाईक अर्ध्या मिनिटात सांगून मोकळं होतं. स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की मात्र ह्यांचं घोडं अडतं. तुम्हाला आमचा फ्रिज आठवत असेल. तो येईपर्यंत आमचं दूध शेजारच्या फ्रिजमध्ये असायचं आणि शेजाऱ्यांचा मुलगा त्यावर चांगला धष्टपुष्ट झाला. आमचं लग्न कसं ठरलं याचं मला आजही नवल वाटतं, पण तेव्हा ह्यांच्या शेजारी तुम्ही बसला होतात, त्यामुळे ते श्रेय मी तुम्हालाच देते.

तर मुद्दा असा, की ह्यांना इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. दचकू नका, मीही दचकून झाले. आमच्या बाजारगल्लीतल्या दुकानदारांनी बँड काढला आहे. बेकरीवाला ड्रम बडवतो (कणीक तिंबून हात तयारच होते) आणि मोबाईल दुरुस्त करणारा गातो. गिटारला कोणी नव्हतं, तर हे म्हणाले, मी आहे. इथवर सगळं ठीक. पण गाणाऱ्याला रॉक हवं आणि बेकरीवाल्याला मेटल. दोघांचा त्यावरून इतका वाद झाला की आठवडाभर मोबाईलवाला पाव दुसरीकडून आणत होता. शेवटी ह्यांनीच मध्यस्थी केली आणि दोन्हींना चालेल अशी एकच गिटार आणतो, असा शब्द दिला. बँड जिथे वाजणार त्या दुकानदार संमेलनाला, शब्द दिला तेव्हा, वर्ष होतं. आता महिना राहिला आहे.

दर रविवारी आम्ही वाद्यांच्या दुकानात जातो. तिथला विक्रेता केसांची शेपटी बांधतो, म्हणून आम्ही त्याला शेपटीवाला म्हणतो. तो आम्हाला पाहिल्यावर आता ‘या’ म्हणत नाही, नुसता स्टूल पुढे सरकवतो. स्टुलावर मी बसते. कारण ह्यांचं म्हणणं असं, की वाजवणाऱ्याला आपला आवाज कधीच नीट ऐकू येत नाही, लांबून ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून गिटार माझ्या मांडीवर, आणि हे दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, पियानोंच्या पलीकडे, डोळे मिटून. मी तारा छेडायच्या, मग दुसरी गिटार घ्यायची, पुन्हा छेडायच्या. ‘पहिली बरी की दुसरी?’ हे ह्यांनी स्वतःलाच विचारायचं आणि स्वतःच गप्प बसायचं.

या धंद्यातल्या खाचाखोचा तुम्हालाही कळाव्यात म्हणून लिहिते. गिटारच्या तारांखाली चुंबकाचे पिकअप असतात. बारीक पिकअपचा आवाज स्वच्छ, पण तो मागे गुणगुणत राहतो. जाड पिकअपचा आवाज भरदार, लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखा, आणि मेटलवाल्यांना नेमकं तेच कपाट हवं असतं. काही गिटारींत तारा बांधायचा पूल तरंगता असतो. त्यात एक तार जुळवली की बाकीच्या पाच बिनसतात. (हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मी एकत्र कुटुंबात नांदले आहे.) मेटलसाठी तारा खालच्या सुरात उतरवाव्या लागतात, म्हणजे त्या पुलाशी रोजचं भांडण. तेव्हा पूल पक्का हवा, पिकअप जाड हवेत, आणि एक बटण असं हवं की वर ओढलं की जाड पिकअप बारक्यासारखा बोलेल. रॉकही भागतं, मेटलही भागतं. अशी गिटार त्या दुकानात दुसऱ्याच रविवारी निघाली होती. पण ह्यांना वाटलं, काळा रंग मेटलला शोभेल, रॉकला जड पडेल. लाल दाखवली, तर नेमकं उलट. मग दोघांना चालेल असा जांभळट रंग कुठे मिळतो याचा शोध सुरू झाला. तो अजून चालू आहे.

आता खरं सांगते. इतके रविवार स्टुलावर बसल्यावर नुसत्या तारा छेडून किती छेडणार? शेपटीवाल्याला माझी दया आली. हे पियानोंच्या पलीकडे डोळे मिटून उभे असताना त्याने मला एक एक करून बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. घरी लोकांचे कपडे अल्टर करून माझ्या बोटांना सुईने आधीच घट्टे पडलेत, त्यामुळे तारा मला टोचल्याच नाहीत. पावसाळा संपेपर्यंत मला वाजवता येऊ लागलं, वन्सं. नीट, सुरात, गाण्यामागून गाणं. एक दिवस शेपटीवाला हळूच म्हणाला, “काकू, काकांना गिटार घ्यायची नाहीये. त्यांना फक्त निवडायचीये.” दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि ती काळी घेऊन आले. गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या पँटी कपाटात टांगल्या आहेत, त्यांच्यामागे ती ठेवते. हे दुकानात गेले की काढते. दमट हवेत तारा गंजतील, रोज पुसा, असं शेपटीवाल्याने बजावलं होतं, पण मी एकदाही पुसल्या नाहीत आणि तारा लखलखीत आहेत. माझ्या हाताला घामच कमी येतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी बँडचे दोघे ह्यांना शेवटचा जाब विचारायला घरी आले. मी दार उघडं ठेवून वाजवत होते. दोघे उंबऱ्यात उभे राहून संपेपर्यंत ऐकत राहिले, आणि मग त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. संमेलनात मी वाजवणार आहे. ह्यांना काही सांगितलेलं नाही. अजून वेळ आहे, सावकाश निवडा, असं ते दोघे ह्यांना सांगतात. रविवारी स्टुलावर बसून मी आता संमेलनाचीच गाणी वाजवते. हे डोळे मिटूनच म्हणतात, “पुन्हा एकदा. नीट कळलं नाही.” तेवढीच माझी तालीम होते.

पण रात्री मला वाईट वाटतं, वन्सं. हौस त्यांची होती आणि जागा मी घेतली. शेजारणीची साडी नेसून तिच्याच दारावरून जावं तसं वाटतं. मंचावर मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, तर माझी बोटं तिथेच थांबतील.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. आता खरं काम. संमेलनाच्या दिवशी तुम्ही ह्यांना तुमच्याकडे बोलावून घ्या. नवा चष्मा करायचाय, दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही, असं म्हणा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

ता. क. दुसरा. चष्म्याची फ्रेम तुम्ही आधीच ठरवून ठेवा. नाहीतर ते महिनाभर तुमच्याकडेच राहतील.

ता. क. तिसरा. हे पाकीट पोस्टात टाकायला ह्यांच्याच हाती देते आहे. पोस्ट दुकानाशेजारीच आहे आणि दुसऱ्याचं पत्र ते कधी उघडत नाहीत.

ताई, पाकिटाचा गोंद नीट चिकटला नव्हता. पुन्हा चिकटवताना वाचलं गेलं. त्याच की दुसऱ्या कुठल्या पाकिटात घालावं याचा विचार करत होतो, त्यात पुन्हा एकदा वाचलं.

मला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी गिटार घेऊन काय करणार होतो? पहिल्या दोन-तीन रविवारी खरंच निवडत होतो. मग ती वाजवायला लागली. निवडली असती तर रविवार संपले असते.

पँटींमागची गिटार मला ठाऊक आहे. ती भाजी आणायला गेली की तारा मी पुसून ठेवतो. तिच्या हाताला भरपूर घाम येतो, पण हे तिला सांगू नकोस. (रंगाबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.)

तू बोलावणं पाठव. मी पिशवी भरून निघाल्यासारखं करीन. पण मी येणार नाही, तूच इकडे ये. सभागृह बघून आलो. शेवटच्या रांगेत खांबाआड दोन खुर्च्या आहेत, तिथून मंच दिसतो आणि मंचावरून आपण दिसत नाही. लांबून ऐकल्याशिवाय कळत नाही. डावी खुर्ची घ्यावी की उजवी, हे अजून ठरत नाहीये. तू आलीस तर दोन्ही घेता येतील.