सत्कारानंतर बंद केलेली गोळी

९ जानेवारी
गोळी ✓ ७.१०. जीभ वर, जीभ खाली, दोन्ही गाल. हे आता मी न सांगताच आ करतात. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन तीन महिने झाले, एक दिवस चुकला नाही. डॉ. मॅडमनी ही वही लिहायला लावली तेव्हा वाटलं होतं, आठवड्यात कंटाळेन. आता टिक केल्याशिवाय मला चहा जात नाही.
पाठ दुखते म्हणाले. अपघातात गेलेली पाठ. तिच्यापायीच दुखण्याच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि पुढं दोन वर्षं त्या कॅप्सूलनी आमचं घर खाल्लं. शेक दिला. बाकी काही मागितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

११ जानेवारी
गो. ✓. अंबाजोगाईला मॅडमकडं. ह्यांनी सरळ विचारलं, आता सोडलंय ना मी, मग रोज ही गोळी कशाला? मॅडम म्हणाल्या, एसटी लागली की तुम्ही खिडकीतून रुमाल टाकता का? मेंदूत त्या कॅप्सूलच्या बसायच्या जागा असतात, रिसेप्टर. ही गोळी म्हणजे त्या जागेवर टाकलेला रुमाल. चुकून कॅप्सूल पोटात गेली तरी तिला बसायला जागा नाही, नशा चढणार नाही.
मी: आणि रुमाल उचलला तर?
"उचलायचा नाही. मला विचारल्याशिवाय तर नाहीच. कारण मधल्या काळात त्या जागा..." तेवढ्यात अण्णांचा फोन. सासऱ्यांचा फोन दुसऱ्या रिंगला उचलायचा, ही आमच्या घरची शिस्त. मी बाहेर गेले. परत आले तेव्हा पुढचा पेशंट आत. त्या जागांचं काय, ते राहिलं.

१५ जानेवारी
गो. ✓. अण्णांनी ह्यांना कपिलधारला नेऊन धबधब्याखाली शपथ घ्यायला लावली. सोबत आठ कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. जानेवारीतली धार ती केवढी, करंगळीएवढी. फोटोत मात्र जोरात आलीये.
अण्णांना जि. प.चं तिकीट हवंय. घरात गर्दुल्ला मुलगा असताना मागायची लाज वाटत होती, आता तोच मुलगा हाताशी आलाय. मी हे बोलले नाही, इथंच लिहिते.

१९ जानेवारी
गो. ✓ ७.१५. घाटनांदूरच्या चौकात फ्लेक्स. "व्यसनावर विजय." ह्यांचा फोटो हात जोडलेला, अण्णांचा त्याच्या दुप्पट. संध्याकाळी सत्कार. फेटा, शाल, नारळ. अण्णा माइकवर: "माझ्या पोरानं निस्त्या जिद्दीवर सोडली. आज रोजी एक गोळी खात न्हाई त्यो."
टाळ्या. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे शालीच्या दशा मोजत होते. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. दोन वर्षं ज्या बायका मला बघून पदर तोंडाला लावायच्या, त्याच आज कुंकू लावायला पुढं.

२० जानेवारी
सकाळी गोळी आणि तांब्या घेऊन ओसरीवर गेले. सतरंजीवर माणसं. अण्णा उठून माझ्याजवळ आले, आवाज खाली.
"हे काय?"
"गोळी, अण्णा."
"काल माइकवर काय बोललो म्या? गावाला शब्द दिलाय. अन् चांगल्या झालेल्या माणसानं कशापायी खायाच्या गोळ्या?"
ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "राहू दे वर्षा." गोळी परत बाटलीत टाकली. त्यांचा शब्द खरा व्हावा म्हणून गोळी बंद! ✓ आमच्याकडं बोललेलं मागं घेत नाहीत, मग बोलल्यासारखं वागावं लागतं.
दोन दिवसांनी गर्दी ओसरली की गुपचूप सुरू करीन.

२९ जानेवारी
नाही केली सुरू. का, ते सांगता येत नाही. भांडायला नको वाटलं. आणि हे इतके चांगले होते. जेवत होते, झोपत होते. मला वाटलं, अण्णांचंच खरं असेल.
आज मॅडमच्या दवाखान्यातून फोन, गोळ्या चालू आहेत ना? "चालू आहेत." तोंडातून गेलं ते गेलं. मग वहीत मागं जाऊन २० तारखेपासून दहा टिका केल्या, एका बैठकीत. "गोळी बंद" लिहिलंय त्याच्याच शेजारी ✓. एवढी माझी अक्कल.

२ फेब्रुवारी
हे आष्टीला सभेला गेले, नितीनच्या जीपमधून. नितीन जुना मित्र. ह्याच जीपमध्ये बसून कॅप्सूल चालायच्या, थंड पेयाच्या बाटलीबरोबर. मी अण्णांना म्हटलं, दुसरी गाडी द्या. "अगं कपिलधारेची शपथ हाय. आता काय हुतंय?"
परत आले तेव्हा ठीक होते. घाम आलेला. ऊन होतं म्हणाले.

४ फेब्रुवारी
लिहिता येत नाहीये.
दुपारी तीन. खालच्या रानात मेंढ्या बसवल्यात, त्या मेंढ्यांचा धनगर बिरूमामा पळत आला. "वैनी, मालक बांधाला निजलेत, उठंनात. व्हट निळं पडल्यात." पळाले. चप्पल कुठं गेली माहीत नाही. श्वास येत होता, मग येत नव्हता, मग घोरल्यासारखा एक. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. शेजारी कॅप्सूलचं रिकामं पाकीट.
गाडी मिळेना. दारात अण्णांची प्रचाराची गाडी होती तीच घेतली. बिरूमामानं ह्यांना खांद्यावर टाकून आणलं. रस्ताभर मी एकच ओरडत होते, श्वास घ्या, श्वास घ्या. भोंगा बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. वर अण्णांचं सत्कारातलं भाषण चालूच, एक गोळी खात न्हाई, एक गोळी खात न्हाई.

५ फेब्रुवारी
जिवंत आहेत. काल दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर दोन मिनिटांत डोळे उघडले आणि मला म्हणाले, "शेरडं कुठं गेली?" रानात मेंढ्या आहेत, शेरडं नाहीत. मी हसले आणि मग जमिनीवर बसले.
मॅडम आल्या. अण्णा टोपी हातात घेऊन उभे. इतका लहान माणूस मी पहिल्यांदा बघितला. पण बोलले काय? "मॅडम, कागदावर बीपी लिवा ना."
मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला विचारलं, एकावेळी किती घेतल्या? पाकिटावरून सांगितलं. पूर्वी घ्यायचे तेवढ्याच. एकही जास्त नाही. मी म्हटलं, मग असं कसं झालं? पूर्वी तेवढ्या घेऊन हे ट्रॅक्टर चालवायचे.
तेव्हा ते राहिलेलं वाक्य पुरं झालं. रुमाल असतो तोवर मेंदू उपाशी राहतो, आणि त्या जागा आणखी हळव्या होतात. शरीर जुनी सवय विसरलेलं असतं. रुमाल उचलला की तेवढंच औषध दसपट लागतं. "म्हणून विचारल्याशिवाय बंद करायची नव्हती. फोनवर तुम्ही चालू आहे म्हणालात."
म्हणजे हे बरे झाले म्हणून आम्ही टाळ्या वाजवत होतो, तेव्हाच हे सगळ्यात नाजूक होते. आणि रुमाल मी उचलला होता. अण्णांनी नाही. अण्णा बोलले, पण बाटलीत परत टाकणारा हात माझा.
वही मॅडमसमोर ठेवली. ह्या दहा टिका खोट्या आहेत, मी केल्यात. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी
घरी. हे भिंतीकडं तोंड करून बोलले. "ठरवलं न्हवतं गं म्या. जीपचं दार लागल्याचा आवाज आला अन् तोंडाला पाणी सुटलं. आष्टीच्या दिवशी दात दाबून बसलो. त्या दिवशी जीप रानात आली, तवा न्हाई बसता आलं. मन न्हाई म्हणत हुतं, हात गेलता." मी आजवर समजत होते, ज्याला सोडायचं असतं तो सोडतो. किती वेळा ह्यांना तोंडावर बोलले आहे हे.
गोळी लगेच देता येत नाही. शरीरातून कॅप्सूल पूर्ण जायला हवी, नाहीतर उलट्या, कळा, हाल. मॅडमनी १४ तारीख दिली. तोवर रुमाल नाही. सगळ्या जागा मोकळ्या. परत कॅप्सूल घेतली तर इंजेक्शनपर्यंत पोचू की नाही, सांगता येत नाही म्हणाल्या.
फ्लेक्स अजून चौकात.

१० फेब्रुवारी
अण्णा स्वतः शेकाची पिशवी घेऊन आले. ह्यांच्या पाठीवर धरून बसले. जाताना मला म्हणाले, "तवा मला कुणी सांगितलं असतं तर..." मी म्हटलं, मॅडम सांगत होत्या अण्णा, तुमचा फोन आला. नंतर मला वाईट वाटलं. पण खोटं नव्हतं.

१२ फेब्रुवारी
सकाळी दहा. उंबऱ्यावर बसून लिहितेय.
दारात हॉर्न वाजला. नितीनची जीप. ओसरीवर कार्यकर्ते, आज मोठी सभा, मुलगा मंचावर दिसला नाही तर लोक काय ते समजतील. हे चहा पीत होते. हॉर्न वाजला आणि ह्यांच्या गळ्याची घाटी हलली. मी बघितलं. त्यांनाही कळलं मी बघितलं ते. कप खाली ठेवला.
"वर्षा, मला आत कोंड."
"काय?"
"बाहेरून कडी लाव. लवकर लाव."
लावली. इथंच बसले.
अण्णा आले. पांढरे कपडे, खांद्यावर नवा गमछा. "कडी काढ. लोक बघायलेत."
"१४ तारखेला दोन दिवस आहेत, अण्णा."
"तासाभराचं काम हाय. मी सोबत हाय की."
मी वहीत बघत राहिले. ह्या घरात येऊन सात वर्षं झाली, त्यांच्या बोलण्यावर पहिल्यांदा उठले नाही.
अण्णा उभेच आहेत. हात कडीकडं गेला नाही अजून, आणि ते मागंही फिरले नाहीत.
आतून ह्यांनी विचारलं, गाडी गेली का.
गाडी गेलेली नाही.