रतन परत येईल तेव्हा

अलिबाग, रविवार, ३ जानेवारी १९५४
नव्या वर्षाचा निश्चय. प्रभूची शिकवण नुसती सांगायची नाही, जगायची. दर महिन्याला एक. जानेवारी : क्षमा.
आज चर्चच्या उपासनेत सगळ्या मंडळीसमोर जाहीर केले की मी रतनला क्षमा केली आहे. एकुलत्या मुलीने रेवदंड्याच्या हरेश्वर कोळ्याशी रजिस्टर लग्न केले, तेव्हापासून तिचे नाव घरात घेऊ दिले नव्हते. आज स्वतः घेतले. दोघीतिघी रडल्या. एकंदर उपदेश उत्तम झाला.
घरी आल्यावर वेणू म्हणाली, मग उद्याच्या गाडीने जाऊन तिला घेऊन येऊ. बायकोला शांतपणे समजावले. प्रभूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो. बाप घरीच असतो.

गुरुवार, १४ जानेवारी
संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतो. शेजारच्या गुणाजींनी विचारले, रोज कोणाची वाट बघता मास्तर? सांगितले. ते म्हणाले, "रेवदंडा काय लांब हाय?" त्यांना दाखला ठाऊक नाही.
वेणूला मात्र ठाऊक आहे. म्हणाली, त्या बापाने मुलाला दुरून पाहिले आणि धावत गेला. माझा गुडघा दुखतो. शिवाय ते धावणे आध्यात्मिक अर्थाने घ्यायचे असते.

रविवार, ७ फेब्रुवारी
रतन आली नाही. क्षमेचा महिना नाइलाजाने वाढवला. उशीर तिच्याकडून आहे, माझ्याकडून तयारी पूर्ण.
वेणू हल्ली सारखी नागावला जाते, आजारी मैनाबाईला भेटायला. आजाऱ्याला भेटणे हीही प्रभूची शिकवण, म्हणून उपासनेत तिचे उदाहरण दिले. ती मान खाली घालून बसली. विनय आहे. जेवण मात्र उशिरा मिळते.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी
गुणाजींकडून कळले की वेणू नागावला उतरतच नाही. थेट रेवदंड्याला जाते. रतनला मुलगा झाला आहे, पाच महिन्यांचा. मला नातू आहे हे मी शेजाऱ्याकडून ऐकले.
वेणूला विचारले. हो म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. तिलाही क्षमा केली. तसे सांगितले.
पोर कोणासारखे आहे ते विचारायचे होते. पण प्रश्न तत्त्वाचा. रतन येईल तेव्हा आधी चुकले म्हणेल, मग मी जवळ घेईन. क्रम महत्त्वाचा.

मंगळवार, ९ मार्च
रतन आली. भर दुपारी, एकटी, पोराला कडेवर घेऊन. वेणू विहिरीवर गेली होती. हरेश्वर समुद्रावर.
पोराला श्वास घेता येत नव्हता. रतन म्हणाली, बाबा, माझ्याबरोबर दवाखान्यात चला, मला तिथले कोणी ओळखत नाही. मी म्हटले, येतो, पण आधी दोन शब्द बोल. ती म्हणाली, काय बोलू? एवढ्या दिवसांत विचार केला असेल असे वाटले होते. शेवटी म्हणाली, "चुकलं बाबा. चला."
मनापासून वाटले नाही. तरी मी मोठे मन केले आणि तिला गुडघे टेकायला लावून आभाराची प्रार्थना सुरू केली. प्रार्थना थोडी लांबली हे मान्य, पण विषयच तसा होता. डोळे उघडले तेव्हा वेणू दारात होती. हंडा तिथेच टाकून तिने पोर उचलले आणि दोघी गेल्या.
गुडघ्यामुळे मागे राहिलो.

बुधवार, १० मार्च
पोर काल दिवेलागणीलाच गेले. घटसर्प. वेणू कपडे घ्यायला आली होती. म्हणाली, डॉक्टरांनी विचारले, इतका उशीर का केलात. मी म्हटले, रेवदंड्याहून यायला वेळ लागतोच. ती लुगडी गुंडाळून रतनकडे निघून गेली.
हरेश्वरच्या लोकांनी पोराला खाडीकाठी पुरले. मला कळवले नाही. कळवले असते तर प्रार्थनेला गेलो असतो.

रविवार, १४ मार्च
उपदेश केला नाही. घसा बसल्याचे सांगितले. बायकांनी वेणूची चौकशी केली नाही, म्हणजे त्यांना ठाऊक आहे.

रविवार, २१ मार्च
रेवदंड्याला गेलो. वाटेत सांत्वनाचे चार शब्द जुळवले होते.
हरेश्वर दारात जाळे विणत होता. "बसा मास्तर," म्हणाला. बसलो. रतन बाहेर आली, मला बघून आत गेली. मग वेणू आली. जेवलात का विचारले. नाही म्हटले. भाकरी आणि कालवण आणून ठेवले. मी म्हटले, घरी चल. ती म्हणाली, "आता रतन एकटी आहे." मी म्हटले, मीही एकटाच आहे. ती म्हणाली, "जेवा. शेवटची गाडी चुकेल."
ते चार शब्द राहूनच गेले. नातवाचे नाव विचारायचेही. आता कोणाला विचारायचे?
आज झोपताना प्रार्थना केली नाही. गुडघा दुखत नव्हता, तरी.