म्हाताऱ्याचं जॅकेट

फेब्रुवारी २, रविवार. ऊन. उणे अठरा.

हात सोडला.

काय वाट्टेल ते झालं तरी स्लेजचा दांडा सोडायचा नाही. तीस वर्षं माझ्या म्हाताऱ्याच्या तोंडून हे एकच वाक्य ऐकत आले, आणि सोडलाच.

पुलाच्या अलीकडे, वळणावर, स्लेज कलंडली. मी पोटावर आडवी, तोंडात बर्फ. थोडी फरपटले, मग बोटं सुटली. सहा कुत्री आणि रिकामी स्लेज निघून गेली. अर्धा तास धापा टाकत चालले. पूल ओलांडल्याबरोबर भूर्जाच्या झाडांत स्लेज अडकलेली. पाच कुत्री दोरांच्या गुंत्यात. सहावा नाही. तेत्सुचे गळ्याचे नि अंगाचे पट्टे बर्फात पडलेले, एकही गाठ न सुटलेले. रस्त्यावर बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या ताज्या खुणा. त्याच्या भोंग्याला घाबरून मागे मागे सरकत अंग काढून घेतलं असणार त्याने.

तेत्सु म्हणजे सगळ्यांत पुढे धावणारा. बाकीचे त्याच्या मागून जातात. कुत्रा म्हाताऱ्याचा, माझा नाही. मला तो भात वाढणारी बाई समजतो.

ऑक्टोबरात म्हाताऱ्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ‘हं’, ‘नाही’ आणि ‘ते’, एवढंच उरलं. ‘ते’ म्हणजे तेत्सु. रोज सकाळी मी तेत्सुला खाटेपाशी नेते, म्हाताऱ्याचा मेलेला हात त्याच्या दुमडलेल्या कानावर ठेवते. महिन्यापूर्वी तिथेच दोन बोटं हलली. डॉक्टरांपुढे हलली नव्हती. कुत्र्याच्या कानावर हलली.

घरी आले तर विचारलंच. “ते?”

“पंजा कापलाय त्याचा. मलम लावलंय. चार दिवस चालवायचा नाही,” मी म्हटलं. किती सहज आलं तोंडातून.

एरवी खाटेपाशी बसून वही उघडली की तेत्सु नाक खुपसतो. मागची कितीतरी पानं त्याच्या ओल्या नाकाने फुगली आहेत. आजचं कोरडं आहे.

फेब्रुवारी ३, सोमवार. भुरभुर बर्फ.

तोगाशीला सांगावंच लागलं. आमच्या शेजारचा गोठेवाला, स्नोमोबाइल त्याच्याकडेच आहे. पहिलं वाक्य काय, तर, “वहिनी, म्हटलं होतं ना, चारच लावा. सहा कुत्री म्हणजे काय गंमत वाटली?”

“बोल. अजून काही राहिलं असेल तर तेही बोल.”

त्याने गाडी काढली. नदीकाठ, मग शाळेमागचं रान, मग जुन्या गिरणीपर्यंत. ठसे मिळाले पण कोल्ह्याचे. मी त्याच्या मागे बसून हाका मारत होते. घसा बसला.

“हाका मारू नका,” तोगाशी म्हणाला. “घाबरलेला कुत्रा हाकेला येत नाही, उलटा पळतो. कोसाकुदादाच नाही का सांगायचा आम्हाला, धडधाकट होता तेव्हा? जिथे हरवला तिथेच तो फिरून येणार. अंगातलं काहीतरी तिथे ठेवायचं, आणि आपण निघून यायचं.”

मला का माहीत नव्हतं ते? होतं. पण निघून येणं जमत नव्हतं.

माझं निळं जॅकेट काढून पुलापाशी, पट्टे पडले होते तिथे ठेवलं. तोगाशीचं कांबळं पांघरून घरी.

आज भुतं घालवायला भुईमुगाच्या शेंगा फेकायचा दिवस. म्हाताऱ्याच्या डाव्या हातात मूठभर दिल्या. “भुतं बाहेर, सुख आत,” मी एकटीच ओरडले. त्याने दाराकडे एक शेंग फेकली. मग माझ्याकडे बघून, “ते?” दरवर्षी पडलेल्या शेंगा तेत्सु टरफलांसकट खातो. मीच वेचल्या.

फेब्रुवारी ४, मंगळवार. उणे एकवीस.

जॅकेट जसंच्या तसं. आजूबाजूला ठसा नाही.

नारिताबाई आल्या, हातापायांचे व्यायाम घ्यायला. “आज आमचे तेत्सुमास्तर कुठे?” पंजा, मलम, चार दिवस. बाईंनी रबरी चेंडू दिला. म्हाताऱ्याने तो घेतलाच नाही. “अहो, एकदा तरी दाबा,” मी म्हटलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. बोटं हलली नाहीत, एकही नाही.

जाताना बाई दारात हळूच म्हणाल्या, “कुत्रा लवकर बरा करा, काकू. एवढ्यात हात थांबला तर पुन्हा सुरू करणं कठीण.”

बर्फात तोंड खुपसून ओरडावंसं वाटलं.

फेब्रुवारी ५, बुधवार.

स्कीवर सहा तास. काही नाही.

फेब्रुवारी ६, गुरुवार. वादळ.

बाहेर पडता येत नाही. घर ते कुत्र्यांचं आवार, मध्ये बांधलेला दोर धरून गेले, खायला घालून आले. पाचही भांडी चाटूनपुसून. सहावं मी सवयीने भरलं. मग ते ओतायचं कुठे ते कळेना, तशीच उभी राहिले.

म्हाताऱ्याने दुपारची पेज परत केली. भोपळा परत केला. हेरिंग मासा, त्याचा जीव की प्राण, तोही परत. “मरायचंय का तुम्हाला?” मी ओरडले. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

या थंडीत, अंगावर पट्टासुद्धा नाही, पोटात काही नाही. कुठे बसला असेल? बसला असेल ना?

फेब्रुवारी ७, शुक्रवार. स्वच्छ.

दिसला! तेत्सु दिसला!

नदीच्या बर्फावर, वरच्या वळणापाशी. काळा ठिपका, दुमडलेला कान. मी स्की सोडून गुडघ्यांवर बसले. हाक मारायची नाही, मारायची नाही, असं घोकत होते. आणि मारली. माझ्याच्याने राहवलंच नाही. “तेत्सु! ये, बाळा!” त्याने मान वळवून पाहिलं. ओळख नाही, काही नाही. शेपूट पायांत घालून पलीकडच्या भूर्जांच्या रानात नाहीसा झाला.

बरगड्या दिसत होत्या.

दुसऱ्यांदा घालवला त्याला मी.

फेब्रुवारी ८, शनिवार.

गिरणीमागे समुद्रगरुड घिरट्या घालत होते. एकदोन नाही, पाच. जाऊन पाहिलं तर हरिण. मेलेल्या हरणाशेजारी बसून हसले मी. वेडी झालेय.

कुत्री हल्ली सकाळी जरा जास्तच वेळ गळा काढतात. म्हातारा डोळे मिटून ऐकत असतो. तेवढं झालं की विचारतो, “ते?” आणि मी सांगते, “खपली धरतेय हो.” खोटं बोलून बोलून तो पंजा मला खरंच दिसायला लागलाय, दोन बोटांच्या मधे, खपली धरलेला.

फेब्रुवारी ९, रविवार. उणे तेवीस.

आठवडा झाला.

तोगाशी दूध घेऊन आला. ओट्यापाशी उभ्याउभ्याच म्हणाला, “वहिनी, पुलावर जॅकेट कुणाचं ठेवलंय?”

“माझं.”

“आणि कुत्रा कुणाचा?”

मी भांडी घासत राहिले.

मला कळत नाही असं थोडंच आहे? सोमवारीच कळत होतं. म्हाताऱ्याचंच हवं. मंगळवारी त्याची बंडी नेऊन ठेवली होती, ते इथे लिहिलं नाही. पण बंडीला आता मलमाचा नि औषधाचा वास. तेत्सुचा मालक तसा वास मारत नव्हता. आणि त्याचे जुने कपडे? तो हॉस्पिटलात होता तेव्हा हौसेने धुऊन टाकले सगळे, घर स्वच्छ करत होते ना! धुवायचं राहिलं ते एकच, पिवळं जॅकेट. त्याला कुत्र्यांचा, माशांचा, मशीनच्या तेलाचा वास आहे. त्याने हात लावू दिला नाही. खाटेच्या पायथ्याशी खुंटीला टांगलंय, तो दिवसभर त्याच्याकडे बघत पडलेला असतो.

ते काढलं तर सांगावं लागेल. सांगितलं तर तो संपला. नाही काढलं तर तेत्सु संपला.

एक खोटं लपवायला मी कुत्र्याचा जीव घेतेय. हे लिहून काढलं म्हणून वाचता तरी येतंय.

फेब्रुवारी १०, सोमवार.

दुपारी तो झोपला असं पाहून खुंटीपाशी गेले. चोरासारखी, मोजे घालून. जॅकेट काढलं, आणि बाही ताणली गेली. त्याच्या डाव्या मुठीत बाही. डोळे उघडे.

खाली बसले. सगळं सांगितलं. वळण, ट्रक, हात सोडला ते, पंजा, नदीवर दिसला ते, हाक मारली ते. “मारा मला,” म्हटलं. “मी घालवला तुमचा कुत्रा. तीस वर्षं एक गोष्ट सांगितलीत तुम्ही, ती एक पाळता आली नाही मला.” नाक गळत होतं, पुसायचं सुचलं नाही.

त्याने मूठ उघडली. बाही सुटली. उघडा पंजा त्याने माझ्या तोंडासमोर धरला. पाच बोटं.

मला वाटलं, मारतोय. मग वाटलं, थांब म्हणतोय. तो तसाच धरून राहिला. खिडकीकडे, आवाराच्या दिशेला मान हलवली, आणि पुन्हा पाच बोटं.

मग टाळक्यात उजेड पडला.

रोज सकाळी गळे काढतात ते. सहा असायचे. गेल्या सोमवारपासून पाच.

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला?”

“हं.”

“मग रोज विचारत का होतात, मेल्या?” असं मी नवऱ्याला म्हणाले. कधी म्हटलं नव्हतं. तो हसला, अर्ध्या तोंडाने, तेवढंच हसू उरलंय त्याचं. मी सांगेन म्हणून विचारत होता. आठ दिवस वाट बघत होता माझी.

जॅकेट पुलावर नेऊन ठेवलं, माझं उचलून आणलं. लगेच निघाले. मागे वळले नाही.

फेब्रुवारी ११, मंगळवार. सुट्टी.

काही नाही. तो जेवला मात्र. दोन वाट्या पेज.

फेब्रुवारी १२, बुधवार. ढगाळ.

तोगाशीने लांबून दुर्बिणीने पाहिलं. जॅकेट ठेवलं तिथे नाही. दहा पावलांवर फरच्या झाडाखाली ओढून नेलंय. बाजूला बर्फात खळगा, कुत्र्याच्या अंगाएवढा.

“कोल्हाही असू शकतो,” तो म्हणाला.

“तोंड आवर तुझं.”

म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने हात दाबून खाली केला, म्हणजे, जाऊ नकोस, बसून राहा. आता मीही बसून राहते. याहून कठीण काम आजवर केलं नाही.

फेब्रुवारी १३, गुरुवार. वादळ. उणे सत्तावीस.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपलीच सरपणाची मोळी दिसत नाही. फरचं झाड काय वाचवणार त्याला? दहा दिवस उपाशी अंग. माझ्यामुळे. अगदी पहिल्या सोमवारीच जॅकेट नेलं असतं तर तो आज इथे असता, ह्यात शंकाच नाही. सात दिवस. माझ्या भित्रेपणाचे सात दिवस त्याच्या अंगावर गेले.

नारिताबाईंना फोन केला, उद्या येऊ नका म्हटलं. रस्ता बंद आहे. आणि दाखवायला हलती बोटंही नाहीत.

म्हातारा रात्रीचं जेवला नाही. मीही नाही. दोघं बसून राहिलो. पहिल्यांदाच मी त्याचा तो मेलेला हात माझ्या कानावर ठेवला, काहीतरी करायचं म्हणून. हलला नाही. हलणार कसा, मी काय कुत्रा आहे?

फेब्रुवारी १४, शुक्रवार. वारा पडला.

सकाळी कुत्र्यांनी गळा काढला. मी शेगडीपाशी, पेज ढवळत. मनात मोजले, आता तीही सवय लागलीय. पाच.

आतून आवाज आला. “सहा.”

पळी हातात तशीच घेऊन गेले. “काय म्हणालात?”

“सहा.” अख्खा शब्द. ऑक्टोबरपासून पहिला.

“अहो, पाचच आहेत. मी आत्ता मोजले.”

त्याने मान हलवली. पुलाच्या बाजूला बोट केलं. उजव्या हाताचं.

पेज उतू गेली. बुटांच्या नाड्या बांधल्याच नाहीत.

वरचं लिहिता लिहिता पान भिजलंय. अक्षरं फुटलीत. एरवी टपली मारली असती तेत्सुच्या नाकावर. आज खुपसू दिलं.