दोरीवरची गोधडी

प्रिय गंधाली,

तुझा शोधनिबंध शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचला. हिवतापाचा जंतू आपलं रक्त खातो आणि मागे काळा कचरा टाकतो. शरीराचे पहारेकरी तो कचरा गिळून सुस्तावतात, बाकीच्यांना हाळी द्यायचीच विसरतात. बरोबर समजलं ना? आरोग्य खात्याच्या नोकरीत तीस वर्षं मी या जंतूच्या मागे सायकलवर फिरलो, पण तो आत जाऊन पहाऱ्यालाच गप्प करतो हे लेकीकडून कळायचं होतं.

सुट्टीत तू सायकलच्या दांडीवर बसून माझ्यासोबत अंबडकडच्या गावांना यायचीस. दारात उभा राहून मी विचारायचो, ताप कुणाला? रक्ताचा थेंब काढणाऱ्या सुईच्या धाकानं उत्तर ठरलेलं, "न्हाई ओ डाक्टर, समदे बराबर हायेत." मग मी तोंडाकडे न बघता दोरीकडे बघायचो. एकटीच गोधडी वाळत असली की समजायचं, कुणीतरी हुडहुडून घामानं भिजलंय. एकदा जांबला मी फसून परत निघालो, तेव्हा तूच बोट दाखवलंस, "अण्णा, गोधडी!" सात वर्षांची होतीस. आई प्रत्येक पाहुण्याला ते सांगायची. ती गेल्यापासून सांगणारं कुणी नाही.

गेल्या महिन्यात मलाच हिवताप झाला. घाबरू नकोस, रक्त तपासलं, चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या केल्या, आता ठणठणीत आहे. शेजारच्या द्वारकाबाई खिचडी आणून द्यायच्या, वर टोमणा, "जल्मभर लोकायला सुया टोचल्या, आता तुमची बारी!" त्यांनीच माझी गोधडी गच्चीत वाळत घातली. मी तिथंच उन्हाला बसलो होतो आणि तुझा व्हिडिओ कॉल आला. तू विचारलंस, अण्णा, जर्मनीत आणखी दोन वर्षं राहू का? दोरी दिसू नये म्हणून मी आधी खुर्ची फिरवली, मग म्हणालो, बिलकुल राहा, मी मजेत आहे.

निबंध वाचल्यापासून त्या खुर्चीची लाज वाटून राह्यली. माझ्यावर पहारा तुझा एकटीचा, आणि तुलाच मी 'मजेत' चारून गप्प केलं. गोळी घेताना मी रोज मोठ्यानं आकडा म्हणायचो, आज सातवी, आज आठवी. घरात कुणीतरी ऐकतंय असं वाटावं म्हणून. राहायचं की यायचं ते तूच ठरव, पण दोरी बघून ठरव. मला तुझी फार आठवण येते, बाळा. हे खरं का, असं फोनवर मात्र विचारू नकोस. फोनवर मी परत मजेतच असेन.

मस्तगडच्या गच्चीतून, तुझाच,
अण्णा